लेट सीझन एल्कसाठी दुसऱ्या स्टेटमध्ये कुठे अप्लाय करायचं? (मोठं उत्तर आहे, निवांत वाच)

तुझा प्रश्न असा आहे: डॅलसला राहतोस, टेक्सासमध्ये ओळखीच्या माणसाच्या लीजवर (शिकारीसाठी भाड्याने घेतलेल्या जमिनीवर) व्हाइटटेल हरणं मारलीस, आता एल्कची, म्हणजे खूप मोठ्या हरणाची, शिकार करायचीय. ऑफिसच्या कामामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हलता येत नाही, नोव्हेंबरचा दुसरा अर्धा किंवा डिसेंबर जमेल. सोबत एक मित्र, कुठल्याच स्टेटमध्ये एकही पॉइंट नाही (पॉइंट म्हणजे परवान्याच्या लॉटरीत वर्षागणिक साठत जाणारा अग्रक्रम), बजेट माफक, गाईड घ्यायचा नाही, आणि तू एच-वन-बी वर आहेस. दादा म्हणून विचारलंस म्हणून मीही सरळ अरे-तुरेवर येतो.

आधी उत्तर देतो. तुझ्या जागी मी असतो तर वायोमिंगचा काऊ टॅग (टॅग म्हणजे एक जनावर मारायचा परवाना, काऊ म्हणजे मादी आणि बुल म्हणजे नर) पहिला धरला असता, कोलोराडोत पहिल्या चॉइसला फक्त पॉइंट मागून दुसऱ्या चॉइसला चौथा रायफल सीझन (रायफलने शिकार करायच्या ठरावीक काळांतला शेवटचा) किंवा काऊ टॅग टाकला असता, आणि न्यू मेक्सिकोत दर वर्षी एक अर्ज टाकून विसरून गेलो असतो. शिंगांचा मोह पहिल्या वर्षी बाजूला ठेव. हे का म्हणतोय ते आता सविस्तर सांगतो, कारण कारण कळलं तर पुढच्या वर्षी नियम बदलले तरी तुझं तुला ठरवता येईल.

बहुतेक लोक सुरुवात करतात ती ड्रॉ ऑड्सपासून, म्हणजे टॅगच्या लॉटरीत नंबर लागायच्या शक्यतेपासून. अमुक युनिटला (शिकारीसाठी आखलेल्या भागाला) शून्य पॉइंटला टॅग मिळतोय, चला भरा फॉर्म. सप्टेंबरच्या हंटला हे एकवेळ चालतं, कारण तेव्हा एल्क डोंगरभर पसरलेले असतात आणि वरचा भाग बहुतेक नॅशनल फॉरेस्टचा, म्हणजे पब्लिक, सरकारी जमीन. लेट सीझनला गणित पार उलटं होतं. तिथे पहिला प्रश्न हा की त्या आठवड्यात एल्क कुणाच्या जमिनीवर उभे असतील? ऑड्स वगैरे सगळं त्याच्यानंतर. टॅग सहज मिळतो आणि पेपरवर युनिटमध्ये हजारो एल्क आहेत, पण बर्फ पडल्यावर ते सगळे खाली येऊन एखाद्या रँचच्या गवताच्या कुरणात उभे राहतात आणि तू कुंपणाबाहेर रस्त्यावर दुर्बीण घेऊन बघत बसतोस, असे टॅग भरपूर आहेत, आणि ते सहज मिळतात त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

आता जनावराबद्दल थोडं, कारण युनिट निवडणं याच्यावरच अवलंबून आहे. एल्क म्हणजे काश्मीरच्या हंगुलचा जवळचा नातेवाईक, पण अंगाने बराच मोठा. प्रौढ काऊ सव्वादोनशे किलोच्या आसपास, बुल तीनशेच्या वर. सप्टेंबर ते ऑक्टोबरची सुरुवात हा त्यांचा रटचा, म्हणजे माजाचा काळ, त्यात बुल खाणं सोडून नुसता धावतो आणि भांडतो, त्यामुळे रट संपेपर्यंत तो पार झिजलेला असतो. मग नोव्हेंबरमध्ये त्याला दोनच गोष्टी हव्या असतात, खायला गवत आणि कुणी त्रास देणार नाही अशी जागा. तो कळप सोडतो, एकटा किंवा दोघं-चौघं बुल मिळून एखाद्या अवघड घळीत, उभ्या उतारावर, रस्त्यापासून लांब जाऊन बसतात आणि दिवसभरात फार थोडं हलतात. काऊ आणि वासरं मात्र मोठे कळप करून खाली विंटर रेंजवर (हिवाळी चराईच्या भागात) उतरतात, सेजब्रशच्या टेकड्यांवर, कुरणांवर. म्हणजे एकाच युनिटमध्ये, एकाच तारखेला, बुलची हंट आणि काऊची हंट या दोन पूर्ण वेगळ्या हंट आहेत, उंची वेगळी, जमीन वेगळी, मेहनत वेगळी. बुल बहुधा काऊपेक्षा वर राहतात, बर्फ जास्त सहन करतात.

आणि बर्फ. फूटभर बर्फात एल्क आरामात चालतो आणि खुराने उकरून खातो. दीड-दोन फुटांच्या पुढे गेला, त्यात वर कडक थर जमला, की मग खाली उतरायला लागतो. हे कधी होईल ते कुणाच्या हातात नाही, एखाद्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटीच सगळं पांढरं होतं तर एखाद्या वर्षी थँक्सगिव्हिंगपर्यंत (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) डोंगर कोरडे असतात आणि एल्क अजून वरच असतात. म्हणून मी युनिट बघताना एकच कसोटी लावतो: वरची उन्हाळी रेंजसुद्धा पब्लिक आणि खालची विंटर रेंजसुद्धा बऱ्यापैकी पब्लिक, असं आहे का? दोन्ही असेल तर बर्फ पडो न पडो, तुला जागा आहे. फक्त वरचं पब्लिक आणि खालचं खाजगी असेल तर ते युनिट फक्त कोरड्या वर्षाचं, आणि अर्ज फेब्रुवारी-एप्रिलमध्ये भरताना नोव्हेंबरचा बर्फ कुणाला माहीत असणार?

ही कसोटी हातात घेऊन आता एकेक स्टेट बघू.

वायोमिंग. नॉन-रेसिडेंटचा, म्हणजे बाहेरच्या स्टेटमधल्या माणसाचा, बुलचा किंवा जनरल (एकाच एरियापुरता नसलेल्या) टॅगचा अर्ज जानेवारीत सुरू होऊन फेब्रुवारीच्या अगदी सुरुवातीला बंद होतो, हे बहुतेकांपेक्षा लवकर आहे आणि नवखे लोक इथेच चुकतात. टॅग दोन किमतींना, रेग्युलर ६९२ डॉलर आणि स्पेशल १,९५० डॉलर, वर १५ डॉलर अर्जाचे. स्पेशल म्हणजे टॅग तोच, फक्त रांग वेगळी. दोन्हीकडे ७५ टक्के टॅग पॉइंटवाल्यांना आणि २५ टक्के रँडम, पण शून्य पॉइंटवर जनरल बुल टॅगची आशा धरू नकोस. तुझ्यासाठी माल वेगळा आहे, तो म्हणजे काऊ-काफचा (मादी किंवा वासराचा) रिड्यूस्ड प्राइस टॅग, त्यांच्या भाषेत टाइप ६. किंमत २८८ डॉलर, अर्ज वेगळा भरायचा, आणि याला पॉइंट लागतही नाहीत आणि खर्चही होत नाहीत. म्हणजे बुलसाठी पॉइंट साठवत राहायचे आणि दरम्यान काऊ मारत राहायचं, दोन्ही एकत्र चालतं. अनेक एरियात टाइप ६ चे सीझन नोव्हेंबर-डिसेंबरभर, काही ठिकाणी जानेवारीतसुद्धा चालू असतात. पाच दिवसांच्या सीझनपेक्षा पाच-सहा आठवड्यांचा सीझन नवख्यासाठी किती मोठी गोष्ट आहे बघ, बर्फाचा अंदाज बघून रजा टाकता येते, वादळ येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी निघता येतं. ड्रॉमध्ये उरलेले टॅग उन्हाळ्यात लेफ्टओव्हर म्हणून निघतात, तेही बघत राहा.

पण टाइप ६ घेताना रेग्युलेशनमधला लिमिटेशनचा रकाना शब्द न शब्द वाच. काही टॅगवर स्पष्ट लिहिलेलं असतं की फक्त प्रायव्हेट लँडवर चालेल, किंवा एरियाच्या अमुक भागातच, किंवा नॅशनल फॉरेस्टच्या बाहेरच. पूर्व वायोमिंगमध्ये, लॅरामी रेंजच्या बाजूला वगैरे, एल्क स्टेटला हवेत त्यापेक्षा जास्त झालेत म्हणून टॅग भरपूर काढतात, पण जमीन मोठ्या प्रमाणात रँचवाल्यांची. तिथे गेम अँड फिशच्या (स्टेटच्या वन्यजीव खात्याच्या) ॲक्सेस येस कार्यक्रमातले, म्हणजे हंटर्सना खुले केलेले, वॉक-इन एरिया आणि हंटर मॅनेजमेंट एरिया शोधायचे. हंटर मॅनेजमेंट एरियाला वेगळी परमिशन स्लिप लागते, ती ऑनलाइन मिळते, पण काही ठिकाणी संख्या मर्यादित असते आणि उन्हाळ्यातच संपते.

वायोमिंगचा अजून एक नियम सगळ्यांना घाबरवतो: नॉन-रेसिडेंटला फेडरल वाइल्डरनेसमध्ये (रस्ते नसलेल्या राखीव रानात) गाईडशिवाय किंवा तिथल्या रेसिडेंटच्या सोबतीशिवाय बिग गेम हंट, म्हणजे मोठ्या जनावरांची शिकार, करता येत नाही. खरा नियम आहे, मोडू नकोस. पण लेट सीझनला त्याचा त्रास सगळ्यात कमी होतो, कारण वाइल्डरनेस म्हणजे उंच डोंगर आणि तू जाणार आहेस खाली विंटर रेंजवर.

इथेच चेकरबोर्डबद्दल सांगतो कारण नकाशावर बघून तुझं डोकं चक्रावेल. दक्षिण वायोमिंगमध्ये जुन्या युनियन पॅसिफिक रेल्वेच्या दोन्ही बाजूंना एक चौरस मैल पब्लिक, पुढचा एक प्रायव्हेट, असा बुद्धिबळाच्या पटासारखा पट्टा आहे. पब्लिकच्या दोन घरांचे फक्त कोपरे एकमेकांना टेकतात. त्या कोपऱ्यावरून पाऊल टाकणं हे ट्रेसपास (दुसऱ्याच्या जमिनीत घुसखोरी) आहे का, यावरून वर्षानुवर्षं वाद. २०२१ मध्ये मिसुरीहून आलेल्या हंटर्सनी एल्क माउंटनजवळ शिडी लावून कोपरा ओलांडला, रँचमालकाने कोर्टात खेचलं, आणि मार्च २०२५ मध्ये टेन्थ सर्किट या फेडरल अपील कोर्टाने हंटर्सच्या बाजूने निकाल दिला, नंतर सुप्रीम कोर्टाने ते प्रकरण ऐकायला नकार दिला. टेन्थ सर्किटमध्ये वायोमिंग, कोलोराडो, न्यू मेक्सिको, युटा येतात, मॉन्टाना आणि आयडाहो येत नाहीत, तिथे हा निकाल लागू नाही. मला हा निकाल मनापासून महत्त्वाचा वाटतो, आपल्या सगळ्यांच्या मालकीची जमीन होती आणि तिथे पोचताच येत नव्हतं. पण म्हणून बेफिकीर होऊ नकोस. प्रायव्हेट जमिनीला पाय लागता कामा नये, कुंपणाला धक्का नको, आणि कोपरा नेमका कुठे आहे ते फोनच्या जीपीएसवर दहा-वीस फूट इकडेतिकडे होऊ शकतं, म्हणून प्रत्यक्ष सर्व्हेची खूण सापडली तरच जा.

कोलोराडो. देशातले सगळ्यात जास्त एल्क इथे, आणि डॅलसहून एका लांब दिवसाच्या ड्राइव्हमध्ये पोचता येतं. अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद. चौथा रायफल सीझन थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या आठवड्यात, फक्त पाच दिवस, आणि पूर्णपणे ड्रॉवर. आता इथली खुबी नीट समजून घे. कोलोराडोत प्रेफरन्स पॉइंट खर्च होतात ते फक्त पहिल्या चॉइसला टॅग लागला तर. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या चॉइसला लागला तर पॉइंट तसेच राहतात. म्हणून पहिल्या चॉइसला पॉइंटचा कोड टाकायचा आणि दुसऱ्याला खरा टॅग. चौथ्या सीझनचे काही बुल टॅग शून्य किंवा एक-दोन पॉइंटला लागतात, काही दुसऱ्या चॉइसलाही उरतात, ते त्यांच्या ड्रॉ रिकॅपच्या (आधीच्या लॉटरीच्या निकालाच्या) पीडीएफमध्ये हंट कोडनुसार दिसतं. उलट उत्तर-पश्चिमेतल्या २, १० आणि २०१ या युनिट्सची नावं कुणी सांगितली तर कान बंद कर, तिथे वीस-वीस वर्षं पॉइंट साठवलेले लोक रांगेत आहेत आणि तू त्यांना कधीच गाठणार नाहीस.

कसोटी लावून बघायची तर गनिसन बेसिन बघ. तिथे खालच्या सेजब्रशच्या टेकड्यांचा मोठा भाग बीएलएमचा (केंद्र सरकारच्या जमीन खात्याचा), म्हणजे पब्लिक, त्यामुळे बर्फाने एल्क खाली आले तरी तुझ्या आवाक्यात राहतात. थंडी मात्र भयंकर, गनिसन हे त्या भागातलं कुप्रसिद्ध थंड गाव आहे, पहाटे उणे वीस सेल्सिअस म्हणजे नवल नाही. याच्या उलट मीकर-क्रेगची बाजू. व्हाइट रिव्हरचा कळप कोलोराडोतला सगळ्यात मोठा म्हणून प्रसिद्ध, नाव ऐकून लोक धावतात, पण खालच्या खोऱ्यांमधली कुरणं बरीचशी खाजगी, आणि लेट सीझनला काऊ तिथेच जाऊन बसतात. शिवाय २०२२-२३ च्या हिवाळ्यात तिकडे इतका बर्फ झाला की जनावरं मोठ्या प्रमाणात मेली आणि स्टेटने टॅग बरेच कमी केले. म्हणून दहा वर्षांपूर्वीचे कुणाचे अनुभव ऐकून तिकडे अर्ज टाकू नकोस, अलीकडचे आकडे बघ.

कोलोराडोत डिसेंबर-जानेवारीचे काऊ टॅग पण असतात, पण बरेचसे पीएलओ, म्हणजे प्रायव्हेट लँड ओन्ली. रँचवाल्याचा होकार आधी हातात नसेल तर हे घ्यायचे नाहीत. होकार मिळवायचा असेल तर ऑगस्टमध्ये फोन कर, नोव्हेंबरमध्ये नाही, आणि काऊच मारायची आहे हे पहिल्या वाक्यात सांग. गवत खाऊन आणि कुंपणं तोडून काऊंचे कळप त्यांचं नुकसान करतात, त्यामुळे काऊसाठी काही जण थोड्या पैशात किंवा फुकटसुद्धा जाऊ देतात. बुल म्हटलंस की विषय संपतो, नाहीतर हजारोंत जातो. आणि मेन ड्रॉमध्ये काही लागलं नाही तर जूनमधला सेकंडरी ड्रॉ आणि ऑगस्टमधली लेफ्टओव्हर लिस्ट आहेच. रायफलचा तिसरा सीझन नोव्हेंबरच्या मध्याला संपतो आणि त्याचा बुल टॅग बऱ्याच युनिट्समध्ये काउंटरवर नुसता विकत मिळतो, आठशे डॉलरच्या आसपास, पण गर्दी खूप. शेवटचा पर्याय म्हणून लक्षात असू दे. कोलोराडोच्या बुलला बहुतेक युनिट्समध्ये एका शिंगाला चार पॉइंट (इथे शिंगाची टोकं) किंवा पाच इंचांचा ब्राऊ टाइन (कपाळाजवळचं टोक) लागतो, ते लांबून बर्फात ओळखायची सवय हवी.

न्यू मेक्सिको. पॉइंटच नाहीत, म्हणून तुझा पहिला अर्ज आणि माझा इतक्या वर्षांनंतरचा अर्ज एकाच पिशवीत. अर्ज मार्चच्या मध्यापर्यंत. वाईट भाग हा की ८४ टक्के टॅग रेसिडेंटना, १० टक्के आउटफिटरसोबत (पैसे घेऊन शिकारीची सोय करणाऱ्यासोबत) जाणाऱ्यांना आणि गाईडशिवायच्या नॉन-रेसिडेंटना फक्त ६ टक्के. त्यामुळे याच्यावर प्लॅन उभा करायचा नाही, पण अर्ज सोडायचाही नाही, कारण नोव्हेंबर-डिसेंबरच्या हंटला ड्रॉ सप्टेंबरच्या मानाने सोपा आणि हवा कोलोराडोपेक्षा सौम्य. तिथे दुसरा रस्ता आहे तो लँडओनर ऑथोरायझेशनचा. ई-प्लस नावाच्या योजनेत जमीनमालकांना ऑथोरायझेशन मिळतात आणि ते विकू शकतात. त्यात दोन प्रकार, रँच-ओन्ली म्हणजे फक्त त्या मालकाच्या जमिनीवर, आणि युनिट-वाइड म्हणजे पूर्ण युनिटच्या पब्लिक जमिनीवरही. विकणारा कोणता प्रकार देतोय ते लेखी घे, दोन्हीच्या किमतीत आणि उपयोगात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ॲरिझोना. लेट रायफल बुलची तारीख साधारण थँक्सगिव्हिंगच्या लगेच नंतर सुरू होते, आठवडाभर, म्हणजे तुझ्या रजेला अगदी जुळते. आणि ज्या ॲरिझोनाच्या सप्टेंबर टॅगसाठी लोक अर्धं आयुष्य थांबतात तिथलाच लेट टॅग बराच लवकर हाती लागतो. पण अर्ज करायलाच १६० डॉलरचं लायसन्स घ्यावं लागतं, टॅग ६६५ डॉलर, नॉन-रेसिडेंटला जास्तीत जास्त १० टक्के टॅग, आणि २० टक्के टॅग सगळ्यात जास्त बोनस पॉइंटवाल्यांना आधी जातात. अर्ज फेब्रुवारीच्या सुरुवातीला. दर वर्षी एवढे पैसे टाकायची तयारी असेल तरच पॉइंट जमवायला घे, मध्येच सोडणार असशील तर सुरू करू नकोस. हंट तशी अवघड आहे बरं का, जुनिपरच्या दाट झाडीत नाहीतर कॅन्यनच्या कडेला एकटा बसलेला बुल शोधायचा म्हणजे दिवस दिवस ट्रायपॉडवर दुर्बीण लावून बसायचं. ज्याला बसून बघण्याचा कंटाळा आहे त्याने हा टॅग घेऊ नये.

मॉन्टानाचा जनरल रायफल सीझन पाच आठवड्यांचा, थँक्सगिव्हिंगच्या रविवारी संपतो, त्यामुळे शेवटचा आठवडा म्हणजे तुझा लेट सीझन. अर्ज १ एप्रिलपर्यंत, पण कॉम्बिनेशन लायसन्स हजार डॉलरच्या पुढे, पहिल्या हंटला मला ते जास्त वाटतं. ब्लॉक मॅनेजमेंट या स्टेटच्या योजनेमुळे लाखो एकर खाजगी जमीन फुकट उघडी आहे, ही त्यांची खरी श्रीमंती. काऊचे शोल्डर सीझन (मुख्य सीझनच्या आधी-नंतरचे) फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात पण ते बहुतेक प्रायव्हेट जमिनीवर, तोच परवानगीचा प्रश्न. आयडाहोत पूर्वी जनरल टॅग डिसेंबरमध्ये सरळ विकत मिळायचे, आता २०२६ च्या हंगामापासून नॉन-रेसिडेंटना त्यालाही ड्रॉ केलाय आणि अर्ज डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच असतो, म्हणजे हंटच्या जवळजवळ वर्षभर आधी. त्यांचे लेट काऊ टॅग कंट्रोल्ड हंटमध्ये (मर्यादित टॅगच्या लॉटरीत), मे ते ५ जून अर्ज, पॉइंट नाहीत. युटा आणि नेव्हाडा तुझ्या परिस्थितीत सध्या सोडून दे. एक मजेशीर पर्याय म्हणजे केंटकी, तिथे १९९७ ते २००२ मध्ये पश्चिमेकडून एल्क आणून सोडले आणि आता मिसिसिपीच्या पूर्वेचा सगळ्यात मोठा कळप आहे, १० डॉलरचा लॉटरी अर्ज, ३० एप्रिलपर्यंत. लागला तर लॉटरीच लागली समज.

मित्रासोबत ग्रुप अर्ज करणार असाल तर नियम स्टेटप्रमाणे बदलतात. वायोमिंग ग्रुपच्या पॉइंटची सरासरी काढतं, कोलोराडो ग्रुपमधल्या सगळ्यात कमी पॉइंटवाल्याचे धरतं. आज दोघंही शून्यावर आहात म्हणून फरक नाही, चार वर्षांनी तिसरा कुणी नवीन जोडीला घेतलात तर कोलोराडोत तुमचे सगळे पॉइंट त्या अर्जापुरते वाया. वायोमिंगमध्ये लागोपाठ दोन वर्षं अर्जही केला नाही आणि पॉइंटही घेतला नाही तर साठलेले सगळे जातात, हे कॅलेंडरवर लिहून ठेव.

आता व्हिसा. हे तू शेवटी एका ओळीत विचारलंस पण माझ्या मते हे पहिलं आहे. फेडरल कायद्याने एच-वन-बी सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या बाळगता येत नाहीत, अपवाद वगळता. त्यातला आपल्या कामाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही स्टेटने कायदेशीरपणे दिलेलं हंटिंग लायसन्स किंवा परमिट तुझ्याकडे असणं. ते चालू असलं पाहिजे, मुदत संपलेलं चालत नाही. टेक्सासचं लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं, त्यामुळे नवीन घेईपर्यंतच्या मधल्या दिवसांत मित्राची रायफल नुसती रेंजवर हातात घेणंही धोक्याचं. लायसन्सची प्रत कायम जवळ ठेव, ड्राइव्ह करताना रायफल रिकामी आणि कुलूपबंद केसमध्ये, आणि जाण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी एकदा बोलून घे. ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या माणसाने या बाबतीत काटकसर करू नये, एल्क पुढच्या वर्षीही असतील. हंटर एज्युकेशनचं टेक्सासचं कार्ड सगळीकडे चालतं, ते घरी विसरू नकोस.

युनिट नक्की करताना मी काय बघतो ते सांगतो. ऑनएक्स किंवा तसल्या ॲपवर आधी जमिनीची मालकी लावतो, मग स्टेटच्या वेबसाइटवरचा विंटर रेंजचा नकाशा शेजारी उघडतो आणि दोन्ही एकमेकांवर कुठे बसतात ते बघतो. विंटर रेंज आणि पब्लिक जिथे मोठ्या तुकड्यात जुळतात तेवढीच युनिट्स ठेवतो, बाकी काढून टाकतो. मग हार्वेस्ट रिपोर्ट (किती जनावरं मारली गेली त्याचा अहवाल), पण नुसता सक्सेस रेट नाही, त्या सीझनला किती हंटर होते आणि एका एल्कमागे किती दिवस लागले ते. पीएलओ टॅगचा सक्सेस रेट छान दिसतो कारण ते रँचचेच लोक असतात, त्याच्याकडे बघून भुलायचं नाही. मग रस्ते. फॉरेस्ट सर्व्हिसचे बरेच रस्ते बर्फाने किंवा गेट लावून नोव्हेंबरमध्ये बंद होतात, आणि काही विंटर रेंजचे भाग जनावरांना त्रास नको म्हणून ठरावीक तारखेनंतर माणसांना पूर्ण बंद असतात, सीझन चालू असला तरी तिथे पाय ठेवता येत नाही. ड्रॉची तारीख होऊन टॅग लागला की जुलैमध्ये त्या भागाच्या बायोलॉजिस्टला फोन कर. हे लोक खरंच बोलतात, मदत करतात, फक्त नोव्हेंबरच्या गर्दीत करू नकोस आणि "एल्क कुठे आहेत" असं विचारू नकोस. "फूटभर बर्फ पडल्यावर काऊ साधारण कोणत्या खोऱ्यात उतरतात आणि पब्लिकवर किती दिवस थांबतात" असं विचार. होमवर्क केलेल्या माणसाला ते अर्धा तास देतात.

शेवटचं, मांसाचं, कारण टॅग निवडतानाच हे ठरतं. एका काऊचं हाडं काढलेलं मांस सत्तर किलोच्या आसपास निघतं. दोघांनी ते पाठीवर आणायचं म्हणजे गाडीपासून दोन मैलांच्या पुढे, गुडघाभर बर्फात, आठ हजार फुटांवर किती अंतर झेपेल ते आत्ताच प्रामाणिकपणे ठरवा, आणि युनिट त्याप्रमाणे निवडा. तुम्ही दोघंही समुद्रसपाटीच्या जवळ राहता, विंटर रेंजची काऊ हंट तुम्हाला का सुचवतोय त्याचं हेही एक कारण आहे. थंडीमुळे मांस खराब व्हायची भीती कमी, पण क्वार्टर (मांसाचे हाडासकट मोठे तुकडे) रात्रीत दगडासारखे गोठतात, म्हणून हाडं काढायची ती त्याच दिवशी. सीडब्ल्यूडीमुळे (हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग) मेंदू आणि पाठीचा कणा टेक्सासमध्ये आणता येत नाही, तेव्हा तिथेच हाडं काढून मांस कूलरमध्ये, आणि डोकं किंवा लिम्फ नोडचं सँपल स्टेटच्या टेस्टिंग सेंटरला देऊन निघायचं. रिपोर्ट येईपर्यंत फ्रीझरमध्ये ठेव, खाऊ नकोस. काऊचं आहे हे टॅगप्रमाणे सिद्ध करायला पुरावा मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवावा लागतो, तो कुठला आणि कधीपर्यंत ते त्या स्टेटच्या पुस्तिकेत बघून घे, सुरी लावायच्या आधी.

आत्ता लगेच करायचं काम एवढंच: वायोमिंग गेम अँड फिश आणि कोलोराडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ, दोन्हीकडे अकाउंट उघड, टेक्सासचा हंटर एज्युकेशन नंबर टाक, आणि वायोमिंगच्या टाइप ६ च्या तीन एरिया तुझ्या तू काढून मला पाठव, नकाशासकट. त्यातली कुठली वगळायची ते मी सांगतो.